सिंधुला न्यायला कोण येणार?

येळवसाच्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा दिसत नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या. डाळमिलचे पट्टे थांबतात, अडतीला कुलूप लागतं, शिकवणी वर्गांचे फळे कोरे पडतात. ज्याला म्हणून वीतभर रान आहे तो बायापोरांसह रानात गेलेला असतो आणि ज्याला नाही त्यालाही कुणीतरी ओढून नेतंच. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. मातीच्या बिंदग्यात आंबील, भगुण्यात पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. बांधावरून अनोळखी माणूस चालला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी जात विचारत नाहीत असं सगळे छाती फुगवून सांगतात. नाव विचारतात, आणि नावावरून काय कळायचं ते कळतंच. पण पत्रावळ कुणाची चुकत नाही, हे खरं.

सिंधुबाईंची मात्र चुकली. एखाद्या वर्षी नाही, जन्मभर.

शिकवणी वर्गांच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सिंधुबाई राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढं. पाठ अजून ताठ, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पडद्यावर त्यांचं नाव चंद्रप्रभा होतं. जुन्या मराठी सिनेमात नायिकेची मैत्रीण, नायिकेची धाकटी बहीण, पुढं वहिनी, मग आई. आणि मुंबईच्या दूरदर्शनवर नाटकं, मालिका सुरू झाल्या तेव्हा सासू. नाव कुणाला आठवत नाही. चेहरा बघून माणसं म्हणतात, "ह्यांना कुठंतरी बघितलंय." बाई म्हणतात, "बघितलं असेल. मी पुष्कळ घरांत जाऊन आलेय."

वरच्या मजल्यावर विशाखा राहते. ती वर्गात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी ती बाईंना म्हणते, "मावशी, चला की आमच्या रानात. मुरूडच्या पुढंच तर आहे."

बाईंचं उत्तरही दर वर्षी तेच. "वाटसरू म्हणून मला कुणाच्याही रानात ताट मिळेल, विशाखा. मला बापाच्या रानात लेक म्हणून जायचंय. न्यायला कोणी आलं तर जाईन."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर बसेन दारात."

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायचं तर चाकूरजवळच्या त्या गावात जावं लागतं.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. किशनराव म्हणजे गावातलं मानाचं घर. रान काळंभोर, दोन बैलजोड्या, शब्दाला वजन. त्यांच्या घरी येळवसाची एक रीत होती. आंबिलीचं बिंदगं घरापासून रानापर्यंत लेकीनंच डोक्यावर न्यायचं. अनवाणी, आणि वाटेत चकार शब्द न बोलता. बिंदगं कोपीत टेकेपर्यंत लेक बोलली तर आंबील नासली असं मानायचे. सिंधु अख्ख्या गावाला बडबडी म्हणून माहीत. पण तेवढी वाट ती तोंड मिटून चालायची. धाकटा भाऊ रामलिंग मागून तिची वेणी ओढायचा, चिमटे काढायचा, वाटेल ते बोलून हसवायला बघायचा. ती हसली नाही. कधीच.

शाळेसाठी तिला देगलूरला मामाकडं ठेवलं. मामा अमृतराव मास्तर. गणपतीत नाटकं बसवायचा नाद. तिथं एक फिरती नाटक कंपनी आली, त्यातली पोरगी तापानं पडली, आणि सिंधुनं दुपारभरात तिचं काम पाठ करून रात्री उभं केलं. कंपनीच्या मालकाच्या ओळखी कोल्हापूरच्या स्टुडिओत. मामानं किशनरावांना सांगितलं, पोरीला गाणं शिकायला पाठवतो. किशनराव खुळे नव्हते. काय ते त्यांना कळलं होतं. पण कळूनही न कळल्यासारखं करायची सवय बापांना असतेच. त्यांनी 'हूं' म्हटलं.

कोल्हापुरात सिंधुची चंद्रप्रभा झाली. तिच्या तोंडातलं 'हाव' गेलं, 'न्हाई' गेलं, 'लई' गेलं. ते घालवण्यासाठी एक मास्तर रोज सकाळी समोर बसवून घ्यायचे आणि 'हाय' म्हटलं की टेबलावर पट्टी आपटायचे. गावाकडची बोली म्हणजे तोंडाला लागलेला चिखल, असं मानणारी ती माणसं. पोरगी हुशार. तिनं चिखल धुतला. कुठं साठवून ठेवला ते कुणाला सांगितलं नाही.

मग चाकूरच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला आणि त्यात किशनरावांची सिंधु आहे अशी बातमी आली. गाव बैलगाड्या जुंपून निघालं. किशनरावही गेले, पटका बांधून. एका बाजूला बापे, एका बाजूला बाया, बायांच्या पदराच्या ओट्यात ज्वारीच्या लाह्या. सिनेमात सिंधु नायिकेची धाकटी बहीण होती आणि तिचं लग्न होतं. दिग्दर्शकाला सगळं अस्सल पाहिजे होतं, म्हणून त्यानं खरा भटजी बोलावला होता. खरा अंतरपाट, खऱ्या मंगलाष्टका, एकही कडवं न गाळता. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेली सिंधु खाली मान घालून उभी. भटजीनं 'सावधान' म्हटलं. इकडं लग्नात अक्षता ज्वारीच्या असतात आणि हाताला ज्वारीची सवय. तंबूतल्या बायांचे हात आपोआप वर गेले. ओट्यातल्या लाह्या मुठीमुठीनं पडद्यावर जाऊन पडल्या. सिंधुची मैत्रीण चतुरा सगळ्यात पुढं होती. तिनं दोन्ही हातांनी उधळल्या.

आधी तंबू हसला. मग एकदम गप्प झाला. कारण हसता हसता सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की आपण काय केलं.

दुसऱ्या दिवशी पारावर किशनराव आले तेव्हा माणसं वाटच बघत होती.

"किशनराव, लेकीचं लगीन लावलंत आन् आमाला जेवण न्हाई व्हय?"

"जावई कंच्या गावचा म्हनायचा?"

"गाव राहू द्या. जात तरी ठाव हाय का?"

किशनराव म्हणाले, "सिनेमा हाय तो. खोटं असतंय."

एक म्हातारा होता, पंचांगाशिवाय शिंकत नसे. तो म्हणाला, "भटजी खोटा व्हता का? मंत्र खोटे व्हते का? आन् अक्षदा तर आपल्याच बायांनी टाकल्या."

महिन्याभरात उदगीरकडच्या पाहुण्यांनी सुपारी परत पाठवली. सिंधुसाठी ते स्थळ किशनरावांनी धरून ठेवलं होतं. निरोप असा की, आम्हाला दुसरपणाची नको. पडद्यावर उजवलेली पोरगी दुसरपणाची ठरवणारे हे लोक तालुक्यातले शहाणे म्हणून मिरवत होते. आणि लक्षात घ्या, किशनरावांना एक क्षणही ते लग्न खरं वाटलं नव्हतं. माणूस अडाणीपणानं जितका दगड होत नाही तितका लाजेनं होतो.

त्या वर्षी येळवसाला सिंधु एकटीच आली. आईला लुगडं घेऊन, चाकूरपर्यंत मोटारीनं, पुढं पायी. दारात किशनराव. त्यांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही.

"लगीन झालेली पोर आपल्या पायानं म्हायेरी येत नसती. तिला भाऊ न्यायला जातो."

"बाबा, माझं लगीन कुठं झालंय?"

"गावानं लावलं. जा तू. रामलिंग येईल न्यायला. आला तर."

रामलिंग आईच्या मागं उभा होता. मिसरूड न फुटलेला. बाप त्याच्याकडं वळून म्हणाला, "गेलास तर परत ह्या घरात यायचं न्हाई." सिंधु आल्या वाटेनं गेली. लुगडं चाकूरच्या मोटार अड्ड्यावर एका म्हातारीला देऊन टाकलं.

पुढची कहाणी कामाची आहे. बाईंनी काम केलं, ढोरासारखं केलं. नायिका कधी झाल्या नाहीत. नाक जरा बसकं, आणि वशिला नाही. पडद्यावर त्यांची लग्नं किती लागली आणि कुंकू किती वेळा पुसलं याची गणती नाही. चित्रीकरण संपल्यावर आरशासमोर बसून त्या मंगळसूत्र काढायच्या आणि कपडेपटाच्या पेटीत टाकायच्या. खऱ्या लग्नाचं विचारणारे दोघेतिघे भेटले. त्यातला एक भला माणूस होता, ध्वनिमुद्रण करणारा. त्याला बाई म्हणाल्या, "माझं एक लग्न अजून निस्तरायचं आहे."

आणि एक हट्ट. मार्गशीर्षातल्या अमावस्येला चंद्रप्रभाबाई चित्रीकरणाला उभ्या राहत नसत. स्टुडिओत म्हणायचे, बाई अमावस्या पाळतात, देवभोळ्या आहेत. एका नामी सिनेमात आईची मोठी भूमिका होती. बाईंचं नाव झालं असतं, हे तेव्हाचे लोकही सांगायचे. पण पहिलाच दिवस त्या अमावस्येचा निघाला. बाई म्हणाल्या, एक दिवस पुढं घ्या. निर्माता म्हणाला, तुमच्यासारख्या बाहेर रांगेत उभ्या आहेत. काम दुसरीला गेलं. बाई त्या दिवशी खोलीचं दार उघडं ठेवून, पिशवी भरून बसल्या होत्या. कुणी आलं नाही.

लातूरकडं भूकंप झाला तेव्हा त्या मुंबईहून निघाल्या आणि चाकूरच्या बसथांब्यावर उतरल्या. चहाच्या टपरीवर विचारलं, किशनरावांचं घर उभं आहे का. टपरीवाला म्हणाला, "भित्तीला तडे गेलेत. माणसं सगळी खुशाल हायत. म्हातारा मातर मागंच गेला. तुमी कोण?" बाईंनी चहा घेतला, आणि परतीच्या बसमध्ये बसल्या. गाव तासाभराच्या पायवाटेवर होतं. बोलावल्याशिवाय त्या गेल्या नाहीत.

काम आटलं तेव्हा त्यांनी बिऱ्हाड लातुरात आणलं. शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोरींना बोलायला, उभं राहायला शिकवलं. लातूरच का, असं विशाखानं एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "निरोप आला तर लवकर पोचता यावं."

या वर्षी येळवसाच्या चार दिवस आधी रामलिंगचा मुलगा बजरंग दारात उभा राहिला. पांढरे कपडे, दोन मोबाइल, गाडीत गुंडाळलेला फ्लेक्स. आतापर्यंत ह्या आत्याचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. पण कुणीतरी तिच्या जुन्या सिनेमाचा तुकडा मोबाइलवर टाकला, तो लाखांनी बघितला, आणि बजरंगला आत्या आठवली. ज्या बाईला जिवंतपणी उंबरा नाही तिला शाल देताना मात्र आपल्याकडं माणसांची ढकलाढकली होते.

त्यानं फ्लेक्स उलगडला. 'चाकूरची सुकन्या.' बाईंचा फोटो बशीएवढा, बजरंगचा परातीएवढा.

"आत्या, येळवसाला आपल्याच रानात सत्कार ठिवलाय. पुढारी यायलेत, यूट्यूबवाले बी यायलेत. सकाळी गाडी पाठवतो."

"गाडीत कोण येणार?"

"डायवर."

"रामलिंग?"

"अण्णांचं काय काढलंव! गुडघे गेलेत त्यांचे. औंदा बिंदगं कोण नेणार त्याचाच घरात कालवा चाललाय."

बाईंनी मान वर केली. "बिंदगं रामलिंग नेतो?"

"मला कळतंय तवापासून. बाप्या माणूस डोक्यावर चुंबळ ठिवून जातोय, समदं गाव हसतंय. माझ्या बहिणी मागून मागून थकल्या, सासरी गेल्या. दिलं न्हाई. माझ्या पोरी मागायल्यात, त्यास्नी बी न्हाई. कामून म्हनलं की म्हनतेत, 'ज्याचं हाय त्याचं हाय.'"

बाईंनी फ्लेक्सचं एक टोक दुमडलं. मग म्हणाल्या, "सत्कार नको. हे कापड गुंडाळ. रामलिंगला एवढंच सांग, सिंधु दारात बसलीय."

बजरंग चिडला. "आत्या, ह्या वयात येवढा ताठा बरा न्हाई."

"ह्या वयात दुसरं उरलंय काय?"

तो गेल्यावर वरून सगळं ऐकणारी विशाखा खाली आली. तीही तापलेली. "मावशी, आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात आलं आणि तुम्ही लाथाडलंत! कुणी का नेईना, पोचणार तर तुम्ही तिथंच होतात ना?"

"सत्काराला पाहुणी लागते गं. मी पाहुणी नाही."

"आणि भाऊ आलाच नाही तर? त्यांचं वय काय, तुमचं काय. पुढची येळवस कुणी बघितलीय?"

त्या रात्री बाईंनी नेहमीसारखी पिशवी भरली. पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण हरणार.

येळवस उजाडली. गल्लीतल्या दुचाक्या एकेक करून निघून गेल्या. विशाखा निघताना म्हणाली, "शेवटचं विचारते." बाईंनी हातानंच नाही म्हटलं. मग गल्लीत कुणी उरलं नाही. बाई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक ऑटो थांबला. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात काठी. उतरणाऱ्यानं ऑटोवाल्याशी आधी भांडण केलं, मग घरांकडं बघत, लंगडत पुढं आला. बाईंनी त्याला मिसरूड न फुटलेला बघितला होता. तरी ओळखायला वेळ लागला नाही. चाल बापाची होती.

तो समोर येऊन थांबला. "लई आत राहतीस."

"लई उशीर केलास," बाई म्हणाल्या.

"एस्टी उशिरा सुटली."

दोघंही हसली नाहीत. त्यानं पायरीवर काठी टेकवली. "चल. आवर."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? बिंदगं कोण नेणार? माझे गुडघे गेले."

"बजरंगच्या पोरी आहेत."

"ते त्यांचं न्हाई."

बाईंनी सरळ विचारलं. इतक्या वर्षांचा प्रश्न होता, घुमवून फिरवून विचारायला सवड नव्हती. "बाबा मरताना काय म्हणाले, रामलिंग? शेवटी तरी म्हणाले का, सिंधुला आण?"

रामलिंगला खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं. तो म्हणाला, "न्हाई. जाऊ नको, आसंच म्हनला. मरताना बी."

"मग?"

"मग काय? मी बी जाणारच हाय त्याच्याकडं. तितं गेल्यावर भांडीन. इतं आंबील आंबून चाललीय. आवर म्हनतो ना!"

"आवरलेलंच आहे," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीमागची पिशवी उचलली.

एस्टीत दोघं एका बाकावर बसली. रामलिंग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पंचायतीत टीवी आला तवा तू सासू व्हतीस. सुनंला चटके देत व्हतीस. समद्या बाया तुला शिव्या देत व्हत्या. सरजा बी." सरजाबाई म्हणजे त्याची बायको.

"आणि तू?"

"मी दिव्याखालनं उठून अंधारात जाऊन बसलो."

एवढंच बोलणं झालं. चाकूर आलं, पुढं ऑटोनं गाव.

घरी सरजाबाईंनी चुंबळ करून बाईंच्या डोक्यावर ठेवली. बिंदगं अर्ध्याहून कमी भरलं होतं. ह्या मानेला तेवढंच झेपणार. बाईंनी चपला काढल्या. बजरंगनं मोबाइल समोर धरला.

"बंद कर ते."

"आत्या, लई भारी येईल. लाखभर लोक बघतील."

"जन्मभर कॅमेऱ्यामागून कुणीतरी 'चालू' म्हणालं की मी चालले. आज मला कुणी 'चालू' म्हणायचं नाही."

रामलिंगनं पोराच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात घातला. बिंदगं डोक्यावर चढलं. बाईंनी तोंड मिटलं.

वाट आता डांबरी झाली होती, ओढ्यावर पूल होता, पण वळणं तीच. पायांना कळत होती. रामलिंग शेजारून लंगडत होता, एक हात बिंदग्यापासून वीतभर दूर धरून. पारापाशी माणसं उभी राहिली. कुणी 'जावई कुठं हाय' विचारलं नाही. विचारणारे सगळे मातीत गेले होते. एक म्हातारी मात्र नातसुनेचा हात सोडवून पुढं आली. चतुराबाई.

"सिंधे," ती म्हणाली, "अक्षदा मी बी टाकल्या व्हत्या गं."

बाई थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत. बोलायचं नसतं. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. चतुराबाई मागून चालत राहिली, काही न बोलता, रानापर्यंत.

ज्वारी पोटरीत आली होती. कोपीत पाच पांडव मांडलेले. बिंदगं टेकलं तेव्हा बाईंच्या मानेत-पाठीत कळ उठली आणि त्या तिथंच मातीत बसल्या. मग चतुराबाईकडं बघून म्हणाल्या, "लाह्या व्हत्या गं त्या. नुसत्या लाह्या."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून बसल्या. सरजाबाईंनी भज्जीचं झाकण काढलं. रामलिंगनं ज्वारीवर आंबील शिंपडली. तेवढ्यात बांधावरून एक तरुण चालला होता, पाठीला पिशवी, कुठल्यातरी बँकेत नवा लागलेला, ह्या भागातला नसावा. रामलिंगनं काठी उगारून त्याला हाक मारली, "ओ पावनं! इकडं या. जेवल्याबिगर जायचं न्हाई." पोरगा संकोचत आला, पत्रावळीवर बसला. समोर मातीत बसलेल्या म्हातारीकडं त्याचं लक्ष गेलं. शहरी नेसणं, पाय धुळीनं भरलेले. त्याला वाटलं, हीपण आपल्यासारखीच वाटेवरून आलेली.

"आजी, तुम्ही पण बसा ना," तो म्हणाला. "आज म्हणे कुणी परकं नसतं."

रामलिंग काहीतरी सांगायला गेला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं, गुडघ्यावर जोर देऊन उठल्या, सरजाबाईंच्या हातातली पळी घेतली आणि त्याच्या पत्रावळीवर भज्जी वाढली.

"तू बस, बाळा," त्या म्हणाल्या. "मी मागून बसते. मी घरची हाय."